लुकलुकणारे बांते सर

शाळेच्या स्मरणिकेसाठी बांते सरांवर दोन पानं लिहून द्या, असा निरोप मला गेल्या महिन्यात आला. निरोप घेऊन आलेले गृहस्थ म्हणाले, चांगलंच लिहा मॅडम, माणूस आता नाही. मी त्यांना चहा पाजला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण बांते सरांना जिवंतपणी तरी कोण वाईट बोलू शकलं? ती सोय त्यांनी स्वतःच करून घेतली होती. वयाने ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, तेव्हा लिहिताना ‘ते’ म्हणायला हवं. पण मला हा माणूस कधीच आवडला नाही, म्हणून यापुढे मी ‘तो’च म्हणणार आहे.

गावाचं नाव सांगत नाही. साकोली तालुक्यातलं आहे आणि सानगडीच्या बाजाराला जायला अर्धा तास लागायचा, एवढं पुरे. मी तिथे गणित शिकवायचे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्यानंतर वर्षभरात बांते आमच्याकडे बदलून आला. आधी तो आमच्याच संस्थेच्या अर्जुनीकडच्या शाळेत होता आणि ती शाळा आता नव्या जिल्ह्यात गेली होती. यात त्याचं फावलं. प्रशिक्षणाचा दाखला मागितला की तो म्हणायचा, कागद गोंदियाले गेले. जुन्या रजांचं विचारलं की गोंदियाले गेले. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, भोळे होते. त्यांनी एकदा आमच्या बाबूला खरोखरच गोंदियाला पाठवलं. तिथल्यांनी सांगितलं, कागद भंडाऱ्यातच राहिले. पुढे कोणी विचारलं नाही आणि दोन जिल्ह्यांच्या मध्ये तो सुखाने बसून राहिला.

अंगाने थोराड, चेहरा कायम आजारी. शर्टाच्या खिशात बामची छोटी डबी असायची. काम घेऊन कोणी समोरून येताना दिसलं की डबी निघायची आणि कपाळ चोळणं सुरू व्हायचं. माणूस जवळ येईपर्यंत वास पोचलेला असायचा. मग येणाराच विचारायचा, काहून सर, बरं नाई वाटत का? आणि काम तसंच घेऊन परत जायचा. मी एकदा उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं की नेमकं दुखतं कुठे. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की आसपासच्या चार जणांना मीच निर्दय वाटले.

काही वर्षांनी शाळेला दहा संगणक मिळाले. कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं, बांतेने आठ दिवसांचा कुठलासा वर्ग केला होता, म्हणून खोलीची किल्ली त्याच्याकडे गेली. आठवड्यातून चार दिवस दुपारी वीज नसायची. असेल तेव्हा पोरांनी संगणकाला नमस्कार करून रांगेने बाहेर पडायचं आणि आत बांते सरांनी गेम खेळायचा.

गेममध्ये शिरस्त्राण घातलेला एक बुटका शिपाई होता. तो डावीकडून उजवीकडे पळत सुटायचा, वाटेत काटे, विंचू, आगीचे गोळे आणि शेवटी वाड्याएवढा राक्षस. मधूनमधून निळा बुडबुडा मिळाला की शिपायाभोवती कवच तयार व्हायचं आणि पुढचा एक मार फुकट जायचा. लाल मणी मिळाला तर दहा सेकंद त्याला काहीच होत नसे, विंचू त्याला लागून आपोआप मरायचे आणि गाणं जोरात वाजायला लागायचं. मी एकदा गुणपत्रकं घ्यायला गेले तेव्हा त्याने मला हे सगळं समजावून दिलं. इतक्या जिव्हाळ्याने त्याला वर्गात शिकवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पण त्याचा जीव ना बुडबुड्यात होता ना मण्यात. बुडबुडे तो साठवून ठेवायचा. गेममध्ये तशी सोय होती, वर कोपऱ्यात आकडा दिसायचा. मी विचारलं, एवढी कवचं साठवून करता काय, खेळ तर संपत आला. तो म्हणाला, कवच खर्च कराचं नसते मॅडम, पुढं लागते. पुढे काहीच नव्हतं. खेळ संपला तेव्हा आठ कवचं तशीच शिल्लक होती आणि तो त्या आकड्याकडे समाधानाने पाहत होता.

त्याची खरी विद्या वेगळीच होती. शिपायाला मार बसला की तो दोन सेकंद लुकलुकायचा. दिसायचा, दिसेनासा व्हायचा, पुन्हा दिसायचा. तेवढ्या वेळात त्याला दुसरा मार लागत नसे. खेळ बनवणाऱ्याने बिचाऱ्याला सावरायला दिलेली ती फुरसत होती. बांतेने त्या दयेचा धंदा केला होता.

"मोठा राक्षस आला का भेवाचं नाई," तो म्हणाला. "बाजूचा लहान काटा पाहाचा आन त्याच्यावर आपणच पाय द्याचा. एक टिचकी बसते. मंग लुकलुकत लुकलुकत राक्षसाच्या पोटातून पलीकडं निंगून जाचं. मार खाल्लेल्याले कोणी मारत नाई, मॅडम."

आणि त्याने करून दाखवलं. शिपाई राक्षसाच्या आरपार चालत गेला. गणिताची शिक्षिका म्हणून मला मान्य करावं लागलं की रीत बिनचूक होती. आणि ते पाहताना हा माणूस शाळेतही असाच वागतो हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

महिन्याच्या शेवटी मोठे सर सगळ्यांच्या पाठांच्या टाचणवह्या तपासायचे. बांतेची वही दिवाळीपासून कोरी असायची. त्या दिवशी तो बरोबर पंधरा मिनिटं उशिरा यायचा, मोठे सर व्हरांड्यात उभे असतील अशा बेताने. मोठे सर सगळ्यांसमोर बोलायचे. बांते मान खाली घालून उभा, सायकलही धड लावलेली नाही. मोठ्या सरांचा स्वभाव असा, की कोणाला बोलले की दिवसभर त्यांनाच जेवण जात नसे. बांतेच्या टेबलापाशी येऊन पुन्हा वही मागण्याची त्यांची छाती व्हायची नाही. तिसऱ्या तासाला आतून गेमचं गाणं ऐकू यायचं.

हेच घरी. त्याच्या धाकट्या भावाकडे तलावाखालची पाच एकर धानाची जमीन होती, दोघांची मिळून. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत शेत असलेला माणूस चिखलात नसेल तर लोक तोंडावर बोलतात, मग तो मास्तर असो की तहसीलदार. बांतेला दरवर्षी रोवणीच्या आदल्या दिवशी पायात काटा रुतायचा. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी त्याच्या बायकोने मला हे सांगितलं. तिला आधी नवल वाटायचं, मग संशय आला आणि एका वर्षी तिने त्याला मागच्या अंगणात चप्पल काढून बाभळीच्या फांदीशी घुटमळताना पाहिलं. "काय म्हणावं आता या माणसाले," ती म्हणाली. भाऊ मात्र दरवर्षी हळहळायचा. बांधावर दादासाठी खाट टाकून द्यायचा, चहा पाठवायचा. फडकं बांधलेला पाय वर करून बांते तिथे बसायचा आणि भाऊ-भावजय बायांच्या ओळीत कंबर मोडेपर्यंत रोवत राहायचे. पुढे वाटणी झाली तेव्हा बांतेने निम्मी जमीन घेतली, तलावाकडची.

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि आम्ही नेलंही. आमच्या स्टाफरूममध्ये त्याचे किस्से चघळले जायचे. मीही सांगायचे, नक्कल करून सांगायचे. आळशी माणसाची गंमत वाटते, त्याच्या आळसाखाली दुसरं कोणी चिरडत नाही तोवर.

नंदा आमच्याकडे अर्धवेळ ग्रंथपाल होती. अकरा वर्षं अर्धवेळ. काम पूर्ण वेळाचं, पगार अर्धा आणि कायमपणाचा पत्ता नाही. फाटकी पुस्तकं ती घरी नेऊन स्वतः शिवायची. तिच्या दोऱ्याची गाठ दुहेरी असायची, आत दुमडलेली, सोडवायला नखं लागायची. नवरा गाडीवर ड्रायव्हर, सासू अंथरुणाला खिळलेली. तिच्या घराचं सगळं या एका गोष्टीवर अडलं होतं, ती पूर्णवेळ ग्रंथपाल होणार की नाही.

एका वर्षी तसा आदेश आला. ज्यांची दहा वर्षं झाली त्यांचे प्रस्ताव ऑनलाइन भरायचे, कागद जोडायचे, अमुक तारखेला मुदत संपणार. भरणार कोण? किल्ली ज्याच्याकडे तो. नंदाने महिनाभर आधी सगळी फाइल लावून, दोऱ्याने बांधून बांतेच्या हातात दिली. मग दर दोन-तीन दिवसांनी ती विचारायला जायची आणि तो म्हणायचा, भरून टाकतो नं, काळजी काहून करता. शेवटी शेवटी ती दारातूनच पाहून परत यायची, कारण त्याने बाम काढलेला असायचा.

मुदत एका शनिवारी संपली. सोमवारी शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी भेटीला येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा वर्ग संगणकाच्या खोलीसमोरच होता. मी फळ्यावर प्रमेय लिहीत होते आणि उघड्या खिडकीतून मला बांते दिसत होता. तो रिकाम्या पडद्यासमोर बसला होता. फाटकातून जीप आत आली. त्याने मान वळवून जीपकडे पाहिलं, नीट पाहिलं, अधिकारी उतरेपर्यंत पाहिलं. मग पुढे वळून गेम सुरू केला आणि आवाज वाढवला.

मला हसू आलं. मला वाटलं, काय मूर्ख माणूस आहे.

अधिकारी आवाजाच्या मागाने सरळ त्या खोलीत गेले. पुढचा अर्धा तास सगळी शाळा ऐकत होती. बांते हात जोडून उभा होता, डोळ्यांत पाणी. शाळेच्या वेळात खेळल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ताकीद म्हणजे कागदाचा कपटा, त्याने ना पगार थांबतो ना पेन्शन. पण दुपारच्या सुटीत स्टाफरूममध्ये सुतकासारखं वातावरण होतं. कोणी त्याला पाणी दिलं, कोणी म्हणालं, इतकं बोलायला नको होतं. नंदानेही आपल्या डब्यातली भाजी त्याला वाढली. तिचा प्रस्ताव गेला का, हे त्या दिवशी विचारणं तिला बरं वाटलं नाही.

आठवड्याने यादी आली. तिच्यात नंदाचं नाव नव्हतं. मोठ्या सरांनी बांतेला बोलावलं. मी तिथेच हजेरीपट घेऊन उभी होते. मोठे सर खालच्या आवाजात म्हणाले, "बांते, नंदाबाईचं काय झालं?"

"कागद अपुरे होते, सर. मी त्याहिले सांगणारच होतो, तर तेवढ्यात माह्यावर हे असं आलं." आणि त्याचा आवाज भरून आला.

मोठे सर लगेच म्हणाले, बरं बरं, जा तुम्ही. तो गेल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, आधीच मार खाल्लेला माणूस, त्याला आणखी काय बोलायचं. आमच्याकडची रीतच ती आहे. पडलेल्याला कोणी पाय लावत नाही. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण आपण होऊन पडणाराही जगात असू शकतो, हे आमच्या भोळ्या लोकांच्या कधी लक्षात आलं नाही.

माझ्या आलं होतं. त्याच दुपारी मी एका यादीसाठी संगणकाच्या खोलीत गेले, बांते नव्हता. टेबलाचा खण अर्धा उघडा होता आणि त्यात नंदाची पिवळी फाइल होती. दोरा तसाच. गाठ दुहेरी, आत दुमडलेली, कोणी कधी न सोडलेली. मी ती गाठ बोटाने चाचपून पाहिली. म्हणजे या माणसाने कागद पुरे की अपुरे हे पाहिलंच नव्हतं. फाइल उघडलीच नव्हती.

मी खण बंद केला आणि बाहेर आले. त्याच खणात माझ्या निवडश्रेणीची, म्हणजे पगारवाढीचीही फाइल होती, ती त्याच्याच हातून जायची होती. माझी पंधरा दिवसांनी गेली. त्याने ती अगदी वेळेवर पाठवली आणि मला तसं मुद्दाम येऊन सांगितलंही.

नंदाला कोणता कागद कमी पडला हे कधीच कळलं नाही. तिने स्वतःच शोधून काढला. तिच्या मते अनुभवाच्या दाखल्यावर जुन्या मुख्याध्यापकांची सही राहिली असावी. की शिक्का? वर्षानुवर्षं ती यावर विचार करत राहिली. घरी नवरा म्हणायचा, तुलेच नीट देता आले नाई कागद, दुसऱ्याले काय बोल लावते. तशी संधी परत आली नाही. पोरं कमी झाली, अर्धवेळ जागाही गेली. नंदा साकोलीला राहायला गेली आणि ब्लाउज शिवायला लागली. बांते मात्र सन्मानाने निवृत्त झाला. निरोपाच्या सभेत त्याने भाषण केलं की आयुष्यात फार सोसलं. लोक हळवे झाले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढीच माझी मर्दुमकी.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या सानगडीच्या घरी. बाजारात मला नंदा भेटली, अस्तराचं कापड घ्यायला आली होती. बोलता बोलता मी सांगितलं की बांते सर आजारी आहेत, साखरेने डोळे गेलेत. तिने कापडाची घडी पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "चला मॅडम, भेटून येऊ."

दुपारचे दोन वाजले असतील. तो पडवीत पलंगावर बसला होता. आवाजावरून त्याने आम्हाला ओळखलं. नंदाचं नाव ऐकताच तो सुरू झाला. डोळे कसे गेले, इंजेक्शनं किती टोचतात, छातीत कसं भरून येतं. मुलगा पुण्यातून फोन करत नाही. सून बोलत नाही. भावाने येणं टाकलं. सगळं एका दमात, आणि मधूनमधून डोळे पुसत. अशा माणसाला विचारणार काय? मी उठायच्या बेतात होते.

नंदा उठली नाही. मांडीवर पिशवी घेऊन ती बसून राहिली. तिने मान हलवली नाही, अरेरे म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. बराच वेळ तो बोलत होता. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि तो थांबला. तरी ती आणखी थोडा वेळ थांबली.

"सर," ती म्हणाली, "माही फाइल तुमी उघडली होती का?"

तो म्हणाला, "आता मले काहून मारता, बाई. मी असाच चाललो."

"मारत नाई. इचारून राहिली."

त्याचे हात पलंगाच्या कडेवर काही शोधल्यासारखे फिरले. तिथे काही नव्हतं. मग तो म्हणाला, "नाई उघडली."

नंदाने नमस्कार केला आणि आम्ही निघालो. पाठीमागून तो म्हणत होता, रामटेके मॅडम, तुमी तरी बसा नं थोडं. मी वळून पाहिलं. न दिसणारे डोळे दाराकडे लावून तो बसला होता. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

रस्त्यावर आल्यावर नंदा म्हणाली, "म्हंजे कागद पुरे होते माहे." हे ती मला सांगत नव्हती. तिचा चेहरा मी ती यादी आल्यापासूनच्या अकरा-बारा वर्षांत इतका मोकळा पाहिला नव्हता. दहा पावलं गेल्यावर ती थांबली.

"तुमाले माहीत होतं का, मॅडम?"

मी म्हटलं, ऊन फार आहे गं. म्हटलं, माझा गुडघा आज सकाळपासून ठणकतोय, डॉक्टर म्हणतात वाटी बदलावी लागेल, जिना चढता येत नाही, रात्री कूस वळता येत नाही. एका घराच्या ओट्यावर मी बसलेसुद्धा. नंदा समोर उभी होती. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

मग मी हो म्हटलं.